बाथरूम दिवाळीला रंगवू नका

2023 च्या जुलैतली गोष्ट. शनिवार, उशिरा उठलेलो, गिझर लावून निवांत अंघोळीला बसलो. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि डोक्यावर काहीतरी पचकन पडलं. पालच असणार या खात्रीने मी जो काही सूर लावला तो ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. पाल नव्हती. छताच्या रंगाचा तळहाताएवढा पोपडा होता. आतून ओला गिच्च, बाहेरून मात्र चकचकीत पांढरा. नऊ महिन्यांपूर्वी, 2022 च्या दिवाळीत, चांगले पैसे मोजून लावलेला!

तर मंडळी, आजचा विषय बाथरूम रंगवणे. वीकेंडला लिहायला याला दुसरं काही सुचत नाही का, असं वाटलं असेल तर वर बघा. तुमच्या बाथरूमच्या छताकडे म्हणतोय मी. कोपऱ्यात काळे ठिपके दिसले ना? मग वाचा पुढे.

माझी मतं दोन आहेत. एक, बाथरूम दिवाळीच्या तोंडावर रंगवू नये. दोन, रंग लावण्यापेक्षा रंगाआधीच्या घासकामाला जास्त पैसे द्यावेत. दोन्ही मतांना आमच्या घरात कडाडून विरोध झाला, म्हणून ती इथे मांडतोय.

आधी दिवाळीचं बघू. आपल्याकडे घर रंगवायचा सीझन म्हणजे गणपती उठले की दिवाळीपर्यंत. हॉल-बेडरूमचं एक वेळ ठीक आहे. पण पुण्या-मुंबईत जून ते सप्टेंबर चार महिने भिंती पाणी पीत असतात. बाहेरच्या भिंतीतून पाऊस, हवेत दमटपणा, खिडकी बंद, कपडे आत वाळत घातलेले. बाथरूममध्ये त्यात रोज चार जणांच्या अंघोळीची वाफ. म्हणजे वर्षभरात भिंत सगळ्यात जास्त ओली ज्या महिन्यात असते, नेमका तोच आपण तिला रंगाखाली बंद करायला निवडतो. आतलं पाणी जाणार कुठे? ऑक्टोबर हीटमध्ये ते बाहेर यायला बघतं, वाटेत रंगाचा थर लागतो आणि तो फुगतो. आपण म्हणतो, "कंपनीचा रंग बकवास." कंपनीचा काही दोष नसतो हो. बाथरूम रंगवायचं मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा दिवाळी नसते, पाहुणे नसतात आणि बोनसही नसतो, म्हणून कोणी रंगवत नाही.

आता कबुलीजबाब. 2022 ला आमच्याकडे आलेले पेंटरकाका सोलापूरकडचे. वय पंचावन्नच्या पुढचं, बोलणं कमी. त्यांनी पट्टीने छत दोन ठिकाणी खरवडलं, बोटाने दाबलं आणि म्हणाले, "साहेब, ओल आहे. दहा-पंधरा दिवस उघडं ठेवा, मग बघू." मी म्हणालो, "काका, दिवाळी आठ दिवसांवर आली. पाहुणे येणारेत. तुम्ही मारून टाका, पुढचं पुढे बघू." ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग "तुमची मर्जी" म्हणून कामाला लागले. ऑफिसात मॅनेजर टेस्टिंगचे दिवस कापतो तेव्हा मी कँटीनमध्ये अर्धा तास त्याच्या नावाने बोटं मोडतो. इथे मीच तो मॅनेजर होतो, आणि हे कळायला डोक्यावर पोपडा पडावा लागला.

बरं, तेवढ्याने शहाणपण आलं म्हणाल तर तेही नाही. 2023 च्या दिवाळीला एका कॉन्ट्रॅक्टरकडून (नाव नको) पुन्हा रंगवून घेतलं. त्याने "वॉटरप्रूफ पेंट मारू, टेन्शनच नको" असं सांगितलं. डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते समोरून येणाऱ्या पाण्यासाठी. पाणी पाठीमागून, स्लॅबमधून येत असेल तर जितका रंग वॉटरप्रूफ तितका फुगा मोठा. जुन्या लोकांचं "बाथरूमला ऑइल पेंटच हवा" हेही त्यातलंच. ऑइल पेंटचा थर वाफ आरपार जाऊ देत नाही. भिंत आतून कोरडी असेल तर तो उत्तम, ओली असेल तर तो प्लॅस्टिकची पिशवी. तो रंग पुढच्या जूनपर्यंतही टिकला नाही.

तिसऱ्या वेळी मात्र मी लाज सोडून पेंटरकाकांनाच फोन केला. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, हे विशेष. आणि पहिलं काम त्यांनी जे सांगितलं त्यात ब्रशचा संबंधच नव्हता: पाणी कुठून येतंय ते शोधा.

यासाठी एक साधी युक्ती आहे, ती मी नंतर वाचली आणि तिच्या प्रेमातच पडलो. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा अठरा इंची चौकोन कापायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला गच्च लावायचा आणि निदान सोळा तास तसाच ठेवायचा. काँक्रीटमधली ओल तपासायची ही रीतसर मान्य पद्धत आहे, जुगाड नव्हे. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती अंघोळीची वाफ, म्हणजे भिंत बिचारी निर्दोष. मी दोन चौकोन लावले, एक गिझरशेजारी आणि एक छतावर डागाच्या जागी. (बायको म्हणाली, आता बाथरूमचाही ईसीजी काढा.) गिझरपाशी बाहेर थेंब, छताला आत थेंब. एकाच बाथरूममध्ये दोन वेगळे रोग, आणि दोन वर्षं आम्ही दोघांवर एकच औषध लावत होतो.

वाफेचा इलाज सोपा. एक्झॉस्ट फॅन अंघोळीनंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा आणि दाराखाली फट ठेवायची, नाहीतर फॅन हवा ओढणार कुठून? छताचा इलाज मात्र वरच्या मजल्यावर राहत होता.

वरच्या काकूंशी आमचे संबंध चांगले. म्हणजे होते. "आमच्याकडे सगळं कोरडं आहे" हे त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूने ते खरंच होतं. पाणी खाली जातं, वर थोडंच येतं? शेवटी सेक्रेटरींना मध्ये घालून पाणी भरायची टेस्ट केली. न्हाणी ट्रॅपचं तोंड बंद करायचं, दोन-तीन इंच पाणी साठवायचं, चोवीस तास थांबायचं. आमच्या छतावरचा डाग संध्याकाळपर्यंतच गडद झाला. ट्रॅपभोवती जिथे पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तिथे फट पडली होती. आमची बिल्डिंग 1986 ची, म्हणजे तीही पस्तिशी ओलांडलेली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने बघायची, संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती ज्याच्या त्याच्या खर्चाने. काकूंनी तोंड वाकडं करत का होईना, जानेवारी 2025 मध्ये काम करून घेतलं. त्यांच्या टाइल्स फुटल्या त्याचं मला वाईट वाटलं. बाबांनी मजुरीतला थोडा वाटा उचलायची तयारी दाखवली. मला ते तेव्हा पटलं नव्हतं, पण जिन्यात भेटल्यावर काकू परत बोलायला लागल्या त्या त्यानंतरच.

इथे एक गंभीर गोष्ट. छताचा डाग तपकिरी, गंजाच्या रंगाचा असेल, किंवा भेग सरळ रेषेत, सळईच्या वाटेने गेली असेल, तर तिथे पेंटरचं काम संपतं. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापते आणि काँक्रीटला आतून फोडते. त्यावर पुट्टी ओढणं म्हणजे धोक्यावर पांघरूण घालणं. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हावं असं त्याच उपविधींत आहे. तुमच्या सोसायटीत शेवटचं कधी झालं ते विचारून बघा. आमच्याकडे विचारल्यावर मीटिंगमध्ये एकदम शांतता पसरली होती. आमचं छत सुदैवाने नुसतं ओलं निघालं.

मग वाळवण. गळती थांबली तरी स्लॅब लगेच कोरडा होत नाही. आम्ही सहा आठवडे थांबलो. सैल झालेलं सगळं काढून टाकलेलं, छत उघडंबोडकं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा "काम चालू आहे वाटतं" म्हणायचा. काहीही चालू नव्हतं. थांबणं हेच काम होतं. हे समजावून सांगणं फार अवघड असतं, कारण सहा आठवडे कुणी काही करताना दिसत नाही.

या सहा आठवड्यांत भिंतीवर पांढरी पिठासारखी भुकटी आली, लोणा. आईने सवयीने ओलं फडकं घेतलं, काकांनी फोनवरूनच थांबवलं. लोणा म्हणजे विटा-सिमेंटमधले क्षार. पाण्यात विरघळून ते बाहेर येतात आणि पाणी उडून गेलं की पृष्ठभागावर राहतात. ओल्या फडक्याने पुसलं की विरघळून परत आत जातात आणि चार दिवसांनी पुन्हा हजर. कोरड्या कडक ब्रशने झाडायचे, पुन्हा आले की पुन्हा झाडायचे. यायचे थांबले की समजायचं भिंत वाळत आली.

काळे ठिपके वेगळे. ती बुरशी. तिच्यावर रंग लावला तर ती रंगातून वर येते. बाजारात मिळणारं साधं ब्लीच, एक भाग ब्लीचला तीन-चार भाग पाणी, लावून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज. आणि ठळक अक्षरांत वाचा: ब्लीच आणि टाइल्स धुवायचं ॲसिड किंवा ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर हे कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठही नको. क्लोरीन वायू तयार होतो. चार बाय सातच्या बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" असा समज आहे, आणि बाथरूम घासणाऱ्या मावशींना हे कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगा.

आता ज्या मुद्द्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं तो. दाराची चौकट आणि टाइल्सच्या वरची पट्टी यांवर जुना ऑइल पेंट होता, बिल्डिंगइतकाच जुना, थरावर थर. 2023 च्या कॉन्ट्रॅक्टरच्या पोराने तो कोरड्या सँडपेपरने खसाखसा घासला होता. तोंडाला रुमालसुद्धा नाही. सगळ्या पॅसेजमध्ये धूळ, आणि त्याच पॅसेजमध्ये माझी दीड वर्षाची मुलगी रांगत-चालत फिरत होती. मी लॅपटॉपवर कॉलमध्ये. मला काहीच माहीत नव्हतं.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं, रंगद्रव्यात आणि रंग लवकर सुकावा म्हणून घातलेल्या ड्रायरमध्ये. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा घालणारे नियम 2016 चे, लागू झाले 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या डब्यात काय होतं ते भिंतीकडे बघून कळत नाही, लॅबमध्येच कळतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि सुरक्षित अशी पातळी कुठलीच मानली जात नाही. दुसऱ्याच आठवड्यात मुलीची रक्ततपासणी करून घेतली असती तर ही गोष्ट सांगायला बरी वाटली असती. मी ती केली सव्वा वर्षाने, कळल्यावर. रिपोर्ट ठीक आला. पण त्या घासणाऱ्या पोराची तपासणी कोण करणार? वीस-एकवीसचा असेल. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी तेच करत असेल.

म्हणून नियम: जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, वॉटरप्रूफ पॉलिश पेपरने ओला घासायचा. खाली प्लॅस्टिक, निघालेला चिखल पिशवीत, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे. कामगाराला कापडी नव्हे, धुळीचा नीट बसणारा मास्क, आपल्या खर्चाने. जो थर घट्ट बसलाय तो मुळापासून काढायचा हट्टही नको. चकाकी जाईपर्यंत हलकासा खरखरीत केला की पुरतो, कारण गुळगुळीत चकचकीत ऑइल पेंटवर कशाचीच पकड बसत नाही.

बाकीचं पटापट सांगतो. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत जायचं, पोकळ आवाज आला तिथला गिलावा फोडायचा, दया दाखवायची नाही. नवा गिलावा केला तर चारेक आठवडे रंग नाही, ताज्या सिमेंटच्या क्षारांनी ऑइल पेंटचा साबण होतो (अक्षरशः, रसायनशास्त्रातला साबण). हात फिरवून पीठ लागलं तर तो जुना डिस्टेंपर, धुऊन काढायचा. साबणाचा आणि केसांच्या तेलाचा थर गरम पाणी आणि डिटर्जंटने घालवायचा. टाइलच्या कडेला सिलिकॉन सीलंट असेल तर कापून काढायचं, त्यावर रंग बसत नाही आणि ते रंगानंतर भरायचं असतं. आणि पीओपी बाथरूममध्ये नको म्हणजे नको! ते जिप्सम आहे, पाण्यात थोडं थोडं विरघळतं, ओल लागली की मऊ पडतं. व्हाइट सिमेंटची पुट्टी घ्यायची, पातळ दोन हात, एकूण जाडी दीड मिलिमीटरच्या आत. खड्डे पुट्टीने भरायचे नसतात, त्यासाठी सिमेंट-वाळू. मग प्रायमर, आणि त्यानंतर कुठे रंग.

आमच्या बाथरूमला रंग लागला किती? छत 28 चौरस फूट, टाइल्सच्या वर अडीच फूट भिंत, घेर 22 फूट, म्हणजे 55. एकूण 83 चौरस फूट. रंगाच्या दोन हातांना मिळून एक दिवससुद्धा लागला नाही.

आणि इथेच माझा दुसरा मुद्दा येतो. रंगकामाचं कोटेशन आपण चौरस फुटावर मागतो. 83 चौरस फुटांचे पैसे ते किती होणार? त्यात माणसाने चार दिवस खरवडायचं, धुवायचं, झाडायचं, घासायचं, वाळायला सोडून परत परत यायचं. जो हे करेल तो उपाशी मरेल, आणि जो थेट रंग मारून निघून जाईल त्याला दुपारी दुसरं काम मिळेल. वर आपण तीन कोटेशन घेऊन सगळ्यात खालचा आकडा निवडतो आणि स्वतःवर खूश होतो. कामचुकारपणाची सोय आपणच करून ठेवलेली असते. तिसऱ्या वेळी मी काकांना म्हटलं, रंगाचे चौरस फुटाने घ्या, पण त्याआधीचं सगळं रोजावर, जितके दिवस लागतील तितके. काका हसले. म्हणाले, "साहेब, असं कोणी विचारत नाही. लोक म्हणतात नुसतं घासायचे कसले पैसे?"

माझ्या मित्राचा यावर आक्षेप आहे की रोजावर दिलं की काम रेंगाळतं. रेंगाळतंच, कधीकधी. पण मग रोजच्या रोज बघा, हात फिरवा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. रंग किंवा पीठ पट्टीवर आलं तर काम अजून बाकी आहे. हे तपासायला दोन मिनिटं पुरतात. रंगाखाली गेल्यावर मात्र काहीच तपासता येत नाही. आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनो, तुम्हाला हा खर्च करायचं कारण नाही. पण घर सोडताना मालक "पेंटिंगचे" म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापतो तेव्हा डाग वाफेचा की गळतीचा, हा प्रश्न विचारायचा अधिकार तुमचा आहे. प्लॅस्टिकचा चौकोन फुकट आहे, फोटो काढून ठेवा.

मार्च 2025 च्या शेवटी काम झालं. पाच दिवसांचा काकांचा रोज धरून 2023 च्या कॉन्ट्रॅक्टरपेक्षा बिल जास्त झालं, 2022 आणि 2023 च्या दोन्ही बिलांच्या बेरजेपेक्षा कमी. पावसाळा गेला. छत जागेवर आहे. खिडकीच्या वर एक नाण्याएवढा फुगा आलाय. तिथे प्रायमर नीट सुकायच्या आधी "आता मारा की" असं कोण म्हणालं होतं ते काकांना आणि मला दोघांनाच माहितेय.

त्या दिवाळीच्या आधी आईने विचारलं, निदान हॉल तरी रंगवून घ्यायचा का. काका येऊन बघून गेले. खिडकीखालच्या भिंतीला बाहेरून तडा आहे म्हणे. "आधी सोसायटीला पत्र द्या साहेब, हॉलचं मार्चला बघू." पत्र सेक्रेटरींच्या पेटीत टाकलं, आणि हॉलच्या भिंतीवर एक प्लॅस्टिकचा चौकोन लावला. त्याच्यावर आईने दिवाळीपुरतं कॅलेंडर टांगलं.